वायर गुंडाळून निघून गेलेल्या मामास

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण दोन्ही गुडघे सध्या रजेवर आहेत, तेव्हा उरलेल्या अंगांचा नमस्कार गोड मानून घ्यावा. इकडे सगळे ठीक आहेत. आईचा रक्तदाब औषधाला जुमानत नाही, पण तो आईचाच असल्यामुळे कोणाला जुमानेल ही अपेक्षाच चुकीची. तुमच्या भाचेसुनेची तब्येत उत्तम असून तिचं माझ्याबद्दलचं मत पूर्वीइतकंच आहे. तुमची पाठ कशी आहे? लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना भरलेली चमक गेली का? मामींना नमस्कार सांगा. त्यांच्या मागच्या चष्म्यात मी उजव्या डोळ्याची काच डाव्या बाजूला बसवली होती आणि दोन महिने त्यांनी ते मला कळू दिलं नाही, याबद्दल मी त्यांचा जन्मभराचा ऋणी आहे. (चष्म्याच्या दुकानदाराने असं करावं, हे आधी मला स्वतःला पटत नव्हतं. पण माझ्या हातून वस्तू योग्य जागी न जाणं ही जुनीच खोड आहे. त्याबद्दल पुढे येईलच.)

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? तर फोनवर तुम्ही जे "हं, बोल" म्हणता ना, त्या 'हं'लाच माझी निम्मी हवा जाते, आणि उरलेल्या निम्म्या हवेत मी पाऊसपाणी विचारून फोन आईकडे देतो. पत्रात तुम्हाला मधे 'हं' म्हणता येत नाही. शिवाय विषय नाजूक आहे. विषय गाण्याचा आहे. (पत्र फाडू नका. खिडकीशी जाऊन एकदा मोठा श्वास घ्या आणि परत या.) मला पूर्ण कल्पना आहे की या विषयाचं नाव निघालं की तुम्ही उठून टाकी भरली का ते बघायला जाता. एकतीस वर्षांत तुमच्या घरी टाकी कधी रिकामी राहिलेली नाही, ती त्यामुळेच. पण आता गोष्ट अशा थराला गेली आहे की तुमच्याशिवाय ती मिटणार नाही, आणि ती न मिटल्यास एका बाईंचा दात जाईल. काय झालं ते पहिल्यापासून सांगतो.

दर शनिवारी दुपारी मी दुकानाचं पुढचं दार ओढून घेतो आणि मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी, चार माणसं चार स्टुलांवर बसून गाणी ऐकतात. याला आम्ही मंडळ म्हणतो. तुमची भाचेसून त्याला दुसरं काहीतरी म्हणते. मंडळाच्या आद्य सदस्य म्हणजे आमच्या गल्लीतल्या भूगोलाच्या बाई. चौतीस वर्षं शाळेत नकाशे शिकवून निवृत्त झाल्या, केस पांढरेशुभ्र, साडीला कायम पिन, आणि पंक संगीताच्या इतक्या कट्टर की मवाळ गाणं कानावर पडलं तर त्या उठून खिडकी लावतात. हे खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं, तर वर्गात एकदा त्यांनी कोणाची तरी कॅसेट जप्त केली. मुलं काय भयंकर ऐकतात ते एकदा बघावं, म्हणून घरी लावली. ती आजतागायत परत केलेली नाही. (तो विद्यार्थी आज आजोबा आहे आणि अजून मागतो.) त्यांचं म्हणणं असं की बाकीचं संगीत हे पाहुण्यांसाठी आवरलेलं घर आहे, पंक म्हणजे घर जसं आहे तसं. तीन कॉर्ड, दोन मिनिटं, आणि जे पोटात आहे ते ओठावर. येत नसलं तरी वाजवायचं, किंबहुना येत नसेल तर नक्कीच वाजवायचं. बेसूर असेल, पण खोटं नाही, हे वाक्य त्या इतक्या वेळा म्हणतात की मी आता चष्म्याची पावती लिहिताना ते लिहून बसतो की काय अशी मला भीती वाटते.

त्यांच्या समोरच्या स्टुलावर दातवाले डॉक्टर. यांचा दवाखाना आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. यांना गाण्यापेक्षा गाणाऱ्यांची खिल्ली उडवणाऱ्या सिनेमांचं वेड. तुम्ही पाहिले असतील तसले सिनेमे: कुठलातरी चार जणांचा रॉक बँड, केस कमरेपर्यंत, अक्कल त्याहून बरीच वर संपलेली, धुराचं यंत्र सुरू होतं ते बंदच होत नाही, गिटारवाला एकटाच वाजवत सुटतो आणि बाकीचे जेवून परत येतात. असे सिनेमे डॉक्टरांकडे कपाटभर आहेत. त्यातले प्रसंग ते रंगवून सांगतात, पण गंमत यायच्या आधी स्वतःच हसायला लागतात, त्यामुळे गेल्या सहा वर्षांत एकाही प्रसंगाचा शेवट आम्हाला कळलेला नाही. दवाखान्यात खुर्चीवर तोंड उघडून बसलेल्या माणसाला तर ते अख्खी कथा ऐकवतात. त्याला हरकत घेता येत नाही. त्यांचा मुद्दा मात्र कच्चा नाही. ते म्हणतात, ज्याला एखाद्या गोष्टीची थट्टा नीट जमते त्याला ती गोष्ट आतून बाहेरून ठाऊक असावी लागते, आणि प्रेमही असावं लागतं; परक्या माणसाची थट्टा आपण करतो का? यावर बाई म्हणाल्या, पंकची थट्टा करून दाखवा, ती होतच नाही, कारण त्याने स्वतःची आधीच करून ठेवलेली असते. डॉक्टर म्हणाले, मग पंक हीच थट्टा झाली की हो! त्या दिवशी बाई चहा न पिता गेल्या.

चौथ्या स्टुलावर इस्त्रीवाले. (तिसऱ्यावर मी. मला मत नसतं, मला चहा आणायचा असतो.) इस्त्रीवाल्यांची कसोटी फार सरळ आहे: गाण्याच्या तालावर इस्त्री फिरते की नाही. पंकवर तासाला अठरा शर्ट होतात, हे त्यांनी मोजलेलं आहे. उलट डॉक्टरांनी एकदा हौसेने नऊ मिनिटांचं गिटारवादन ऐकवलं, तर एका वकिलाच्या पँटला मांडीवर त्रिकोणी भोक पडलं. तरीही ते बाईंच्या बाजूचे नाहीत, कारण सिनेमे पाहताना ते सगळ्यात मोठ्याने हसतात. एकूण मंडळात दोन पक्ष, एक तटस्थ आणि एक चहावाला, अशी सहा वर्षं सुखाने चालली होती. आणि मग आईला कॉलर शिवायची हुक्की आली.

तुमच्या ताईला तुम्ही ओळखताच. नातीच्या फ्रॉकला गोल कॉलर लावायची होती, आणि ती कशी लावतात ते तिने कधीकाळी एका व्हिडिओ कॅसेटवर पाहिलं होतं. कॅसेट कपाटाच्या डोक्यावर सापडली, तिच्यावर आईच्या अक्षरात 'शिवण - बाह्या व कॉलर' असं लिहिलेलं. ती चालवायचं यंत्र आता साऱ्या गल्लीत फक्त माझ्या मागच्या खोलीत उरलंय (डॉक्टरांच्या सिनेमांच्या कृपेने). तेव्हा आई शनिवारी भर मंडळात कॅसेट, सुई, दोरा घेऊन आली आणि म्हणाली, पाच मिनिटांचं काम आहे, तुमचं ते आदळआपट नंतर लावा. आम्ही लावली. एक गंभीर बाई पडद्यावर आली, कात्री उचलली, म्हणाली, आता कापड सरळ धरून... आणि खटकन चित्र बदललं. कात्रीच्या जागी एक भलामोठा अंगठा आला. तो अंगठा मी कुठेही ओळखला असता. बाबांचा. मग अंगठा बाजूला झाला आणि मागे दिसलात तुम्ही.

हो, मामा. तेच ते. लिफ्ट कामगारांचं वार्षिक संमेलन, आणि शेवटचा कार्यक्रम म्हणून आपला बँड, 'बंद लिफ्ट'. बाबांनी कोणाचा तरी कॅमेरा मागून आणला होता, हे मी पार विसरलो होतो, आणि हातात कॅसेट नव्हती म्हणून त्यांनी आईच्या शिवणावरच चित्रण केलं, हे तर आईलाही तेव्हाच पहिल्यांदा कळलं. तुम्ही चोवीस वर्षांचे, हातांना ग्रीस, कारण कार्यक्रमाच्या आधी तासभर त्याच इमारतीची लिफ्ट खरोखरच बंद पडली होती आणि तुम्ही ती सुरू करून थेट रंगमंचावर आला होतात. एका बाजूला लंबू बेस गिटार घेऊन, दुसऱ्या बाजूला भिंगरी दुसरी गिटार घेऊन, आणि मागे ड्रमवर केसांचं एक टोपलं. टोपल्याखाली मी. सोळा वर्षांचा. गाणी सगळी तुमची, लिफ्टमधल्या पाट्यांवर केलेली, आणि सांगतो मामा, आजही तशी गाणी कोणी केलेली नाहीत. तुम्ही मान हलवलीत, मी काड्या चारदा आपटल्या, आणि तुम्ही 'वजन मर्यादा' सुरू केलंत. आम्ही तिघांनी सुरू केलं 'दार ढकलू नका'.

आता दोन्ही गाण्यांत कॉर्ड त्याच तीन, वेगही तोच, त्यामुळे पहिली दोन मिनिटं कोणाच्या बापाला कळलं नाही. आम्हालाही नाही. (बाई म्हणतात यातच पंकचा मोठेपणा आहे. डॉक्टर म्हणतात यातच पंकचा निकाल लागला.) मग 'वजन मर्यादा'तली ती जागा आली, जिथे "सातवा माणूस उतरेल का?" असं विचारून तुम्ही हात वर करता आणि सगळं गप्प होतं. तुम्ही विचारलंत. हात वर केलात. आणि मागे आम्ही तिघं दार ढकलू नका, दार ढकलू नका करत सुसाट. तुमचा हात वरच. तुम्ही लंबूकडे पाहिलंत, भिंगरीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. मी खाली मान घालून बडवतोय. मग सभागृहात हशा पिकला. तुम्ही हात खाली घेतलात, गिटारची वायर काढलीत, आणि ती कोपर ते पंजा, कोपर ते पंजा अशी सात वेढ्यांत गुंडाळलीत, टोक आत खोचलंत, खिळ्याला टांगलीत, आणि लोकांमधून वाट काढत निघून गेलात. मधे एका गृहस्थांना "जरा सरका" म्हणालात तेही ऐकू येतं. आम्ही आपले वाजवतोच आहोत.

खोलीत काय झालं ते सांगतो. डॉक्टर स्टुलावरून खाली पडले. अलंकारिक नाही, खरोखर, कोपराला खरचटलं. त्यांच्या मते आयुष्यात पाहिलेला हा सर्वांत थोर विनोदी सिनेमा होता. सुरुवातीला शिवणाची बाई, मग अंगठा, मग ग्रीसचे हात, मग दोन गाणी एकदम, आणि शेवटी ती वायर! ते डोळे पुसत म्हणाले, हा माणूस कोण आहे, त्याला माझ्या सगळ्या सिनेमांचा मुजरा. इकडे बाईही डोळे पुसत होत्या, पण निराळ्या कारणाने. त्या म्हणाल्या, हसता काय, एवढं खरं गाणं मी आजवर ऐकलं नाही. आपल्याच माणसांनी साथ सोडली, तर हा ओरडला नाही, गिटार आपटली नाही, स्वतःचं सामान नीट आवरून गेला. बंड याला म्हणतात. मग अकरा वेळा ती कॅसेट मागे-पुढे झाली. हात वर होतो तिथे चित्र थांबवून तुमच्या चेहऱ्याचा अभ्यास झाला. डॉक्टर म्हणाले, बघा, ओठ हलतोय, हसू दाबतोय. बाई म्हणाल्या, हसू नाही, आवंढा आहे. इस्त्रीवाले एवढंच म्हणाले की वायर फार नीट गुंडाळली आहे, माणूस कामाचा आहे.

आई मात्र बारावी खेप मागत होती, आणि ती तुमच्यासाठी नव्हे. तुम्ही दाराबाहेर गेल्यावर कॅमेऱ्याच्या मागून बाबांचा आवाज येतो. हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखा: "अरेच्चा, छान चाललं होतं की!" बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, मामा. त्यांचा आवाज असलेली दुसरी कुठलीच गोष्ट आमच्याकडे नाही. आईने तेवढं वाक्य चारदा ऐकलं, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, कॉलर राहू दे. मग सगळ्यांनी परत विचारलं, पण हे आहेत कोण? आई म्हणाली, कोण म्हणजे, माझा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करतो. आणि मागे ते टोपलं दिसतंय ना, तो हा बसलाय तुमच्यासमोर.

सात डोळे माझ्याकडे वळले. (इस्त्रीवाल्यांचा एक डोळा टीव्हीवरच होता.) बाई म्हणाल्या, तुम्ही होतात? मग सांगा, ठरवून केलं होतं ना हे? डॉक्टर म्हणाले, ठरवून म्हणजे थट्टा म्हणून ना? आणि मी, मामा, सहा वर्षं ज्यांना चहा पाजला त्या माणसांच्या तोंडावर सांगितलं की मला काही आठवत नाही. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा आणायला उठलो. चहा समोर तयारच होता.

त्यानंतर मंडळाचे तीनतेरा वाजले. बाई आणि डॉक्टर एकमेकांशी बोलत नाहीत. यात बाईंचे हाल जास्त, कारण त्यांच्या दाढेत डॉक्टरांनी तात्पुरतं सिमेंट भरून ठेवलं होतं आणि पक्कं भरायचं बाकी होतं. ज्याला आवंढा आणि हसू यातला फरक कळत नाही त्याच्यापुढे मी तोंड उघडणार नाही, असं त्यांनी जाहीर केलंय, आणि गेले तीन आठवडे त्या एकाच बाजूने जेवतात. डॉक्टरांनी चष्म्याची काडी मोडून घेतली आहे आणि माझ्या दुकानात बाई भेटतील म्हणून ती चिकटपट्टीने बांधून हिंडतात. परवा म्हणे त्यांनी अक्कलदाढेऐवजी शेजारची दाढ ठोकून बघितली. इस्त्रीवाल्यांनी मध्यस्थी केली आणि दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट मान्य केली: खुद्द कलावंताला बोलवायचं आणि त्याच्याच तोंडून ऐकायचं. ते बंड होतं की थट्टा? तो जे सांगेल ते हरलेल्याने मुकाट्याने मान्य करायचं. बाई हरल्या तर त्या डॉक्टरांचे पाच सिनेमे शेवटपर्यंत पाहणार. डॉक्टर हरले तर ते एक महिना दवाखान्यात पंक लावणार. (आमच्या इमारतीतल्या रुग्णांचं काय होईल याचा विचार कोणी केलेला नाही.) आणि तुम्हाला निमंत्रण लिहायचं काम आलं माझ्याकडे, कारण तुम्ही माझे मामा.

तर येत्या शनिवारी दुपारी यावं ही मंडळाची सविनय विनंती. चहा मी करीन. बाकी क्षेम. घरातल्या थोरामोठ्यांना नमस्कार, लहान कोणी असल्यास एक चिमटा, आणि तुमच्या पाठीला आराम.

आपला, एकेकाळचा टोपलंधारी,
भाचा

ता.क. वरचं पत्र तुमच्या भाचेसुनेने वाचलं. म्हणाली, विनोदी आहे, पण यात ज्यासाठी पत्र लिहायला बसलात ते कुठे आहे? मी म्हटलं, आहे की, शनिवारी दुपारी. तिने पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं आणि कोरा कागद पुढे ठेवला. तेव्हा लिहितो.

ता.क. २. आधी एक सोपं. तुमची गिटार आईने भंगारात दिली असं तिने तुम्हाला सांगितलं होतं, ते खोटं आहे. दुसऱ्या दिवशी वायर तेवढी स्वतःकडे ठेवून तुम्ही गिटार आणून दिलीत आणि "ताई, हिचं काय करायचं ते कर" म्हणालात, तेव्हापासून ती तिच्या कपाटामागे चादरीत गुंडाळून उभी आहे. तारा पाचच आहेत. सहावीवर आईच्या खोलीचा पडदा लटकतोय, आणि तुम्ही येणार असाल तरच ती पडदा काढेल, असा निरोप आहे.

ता.क. ३. आता कठीण. मामा, बाईही चुकल्या आणि डॉक्टरही. ते बंड नव्हतं, थट्टाही नव्हती. माझ्या ड्रमचा एक पाय हलत होता.

तुमची पद्धत होती की लिफ्ट उघडण्याआधी सगळी कामं क्रमाने कार्डावर लिहायची आणि कार्ड डोळ्यांसमोर चिकटवायचं. गाण्यांचंही तसंच. सकाळच्या तालमीची कार्डं चौघांच्या स्टँडवर लागलेलीच होती. दुपारी तुम्ही क्रम बदललात, चार नवी कार्डं लिहिलीत, आपलं आपण चिकटवलंत आणि लिफ्ट बंद पडल्याची हाक आली तेव्हा उरलेली तीन माझ्या हातात देऊन म्हणालात, एवढी लाव. मी खिशात ठेवली. मग ड्रम मांडायला घेतला, तर जमीन उंचसखल, एक पाय अधांतरी. मला काहीतरी जाड हवं होतं. खिशात हात घातला. न बघता घडी घातली, पायाखाली सरकवली, आणि पाय असा पक्का बसला की मी स्वतःवर खूश झालो. समोर कार्ड दिसत होतं, तुमच्याच अक्षरातलं. ते सकाळचं आहे हे मला सुचलंच नाही. लंबू आणि भिंगरीनेही समोर होतं ते वाजवलं.

चूक ही झाली. सोळाव्या वर्षी होते. तुम्ही मला रागावला असतात, आणि पुढच्या रविवारी आपण परत तालीम केली असती. पण नंतर सभागृहाच्या पायऱ्यांवर तुम्ही मला विचारलंत, "नवी कार्डं मी तुला दिली होती ना रे?" आणि मी म्हणालो, "नाही, मामा." तेव्हा ती तीन कार्डं माझ्या खिशात होती, ड्रम उचलताना सापडली होती. तुम्ही बोटांवर आम्हा तिघांना मोजलंत. मग म्हणालात, एक माणूस चुकतो रे, तिघं एकसारखे चुकत नाहीत. म्हणजे मीच विसरलो, डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. आणि वरून माझ्याच पाठीवर थाप मारलीत.

लहानपणी मी तुम्हाला 'अरे मामा' म्हणायचो. त्या दिवसानंतर तुम्ही 'अहो' कसे झालात हे तुम्ही कधी विचारलं नाही. मान द्यायचा म्हणून नव्हे. तुमच्या जवळ यायची लाज वाटायला लागली म्हणून. एकतीस वर्षं मी लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून काचा घासतोय, आणि तू मात्र माझ्यामुळे एकच गोष्ट उलटी बघत बसलास.

शनिवारी येऊ नकोस असं वाटलं तर येऊ नकोस. मंडळाला मी स्वतः सांगेन, काय झालं होतं ते. पण आलास तर त्या दोघांच्या भांडणात पडू नकोस, वायर घेऊन ये. पडद्याची तार मी काढून ठेवतो.

सोबत: कार्डं तीन. चष्म्याच्या डबीत ठेवली होती. चार-चार घड्या पडल्या आहेत, आणि एकावर ड्रमच्या पायाचा गोल डाग आहे, तो निघत नाही. अक्षर तुझंच आहे, ओळखशील. पहिल्या ओळीवर 'वजन मर्यादा' लिहिलंय.

तू बरोबर गात होतास, मामा. आम्ही तिघं चुकलो होतो.